समासातली माणसे

आधी पेन्सिलीचे टोक जिभेला लावायचे, मग मान जरा तिरकी करून वर्तमानपत्राच्या समासात लिहायचे, आणि लिहून झाले की स्वतःशीच म्हणायचे, "आपलं एक म्हननं." पेन्सिल ओली झाली की जांभळी उठणारी होती. त्यामुळे दिवे लागायच्या सुमारास त्यांच्या खालच्या ओठावर जांभूळ खाल्ल्यासारखा डाग पडलेला असे. वय पन्नाशीच्या पुढचे. नाव सांगत नाही. सगळे त्यांना आण्णा म्हणत, आणि आमच्या भागात आण्णा म्हटले की कुणीही असू शकतो.

मी तेव्हा निपाणीत शाळामास्तर होतो आणि एका लहानशा वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस. आण्णा मूळचे बोरगावचे. एका व्यापाऱ्याच्या तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर होते. दिवसभर तंबाखूचे बोद, म्हणजे मोठे गठ्ठे, काट्यावर चढवायचे, उतरवायचे, आणि पाच वाजता हातपाय धुऊन थेट आमच्याकडे यायचे. हातपाय धुतले तरी तंबाखू अंगातून जात नाही. शेजारी बसणारा दोन शिंका द्यायचा आणि बाक बदलायचा. आण्णांच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी असे, ती अशी. त्यांनी त्याचे कधी वाईट वाटून घेतले नाही. "ऐसपैस बसाया मिळतंय," म्हणायचे.

बोलायचे फार थोडे. जे बोलायचे ते समासात. पुण्याचे दैनिक, कोल्हापूरचे एक, बेळगावचे साप्ताहिक, सगळ्यांच्या कडा त्यांनी भरलेल्या असत. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण अक्षर सरळ आणि म्हणणे त्याहून सरळ. युद्ध सुरू झाले तेव्हा शत्रू अमुक शहराच्या वेशीवर आला, अशी मोठी बातमी होती. आण्णांनी शेजारी लिहिले, "सोबत नकाशा छापत जावा. गाव कुठे आहे हे कळल्याशिवाय वाईट कसे वाटणार?" एका पुढाऱ्याच्या तीन रकानी भाषणाखाली लिहिले, "भाषण उत्तम. ऐकणारे कधी जेवले ते लिहिले नाही." कुस्ती हा तर त्यांचा प्राण. एक नावाजलेली जोड बरोबरीत सुटल्याचे छापून आले, त्यावर जांभळे अक्षर उमटले, "मी मैदानात होतो. सुटली नाही, सोडवली."

नियमाप्रमाणे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात थांबवायला हवे होते. थांबवले नाही, कारण दार बंद करण्याआधी सगळे समास वाचून काढायची मला सवय लागली होती. अग्रलेख राहिला तरी चाले.

मग एका साप्ताहिकात क्रमशः कादंबरी येत होती, तिच्यातल्या नायिकेला क्षय झाला. चार आठवडे ती खिडकीशी पडून फुलांकडे बघत होती. आण्णांनी लिहिले, "लेखकाला दुसरे सुचत नाही काय? माझी मंडळी तीन दिवसांच्या तापाने गेली. खिडकी नव्हती."

ते वाचून मी हातातले कुलूप खाली ठेवले. मग खिशातली साधी पेन्सिल काढून खाली बारीक अक्षरात लिहिले, "वाचले. वाईट वाटले." सही केली नाही. मी सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत मास्तर, वर चिटणीस. वर्तमानपत्रावर लिहू नये ही पाटी माझ्याच हातची होती.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी साप्ताहिक उघडले आणि त्या पानावर थांबले. पान उलटले, परत मागे आले. मग हळूच मान वर करून बाकांवरच्या एकेका माणसाकडे पाहिले. टेबलाशी मी नोंदवहीत डोके खुपसले होते. माझ्याकडे त्यांची नजर आलीच नाही. चिटणीस कशाला लिहील?

तिथून मला चटक लागली. ओळखू येऊ नये म्हणून कधी लाल शाईने लिहू लागलो, कायदेपंडितासारखे मुद्देसूद. माझ्या वडिलांनी मोडी घोटून घेतली होती, ती कामी आली. मोडीत मी जुन्या काळाचे दाखले देई. कुस्तीच्या बातमीवर डाव्या हाताने वेडेवाकडे लिही, "आण्णा, डाव कुठला पडला ते सांगा." आण्णा सगळ्यांना उत्तरे देत. "लाल शाईवाल्यास: तुमचे म्हणणे पटले नाही, पण मांडणी आवडली." "मोडीवाल्या बाबांस: थंडी वाढली आहे, जपावे." एकदा मोडीवाले आठ दिवस दिसले नाहीत, कारण मला परीक्षेचे पेपर तपासायचे होते. तेव्हा त्यांनी बाजारभावाच्या रकान्याशेजारी विचारले, "बाबांची कुणाला खबर?"

त्या दिवसांत आण्णा जरा नीटनेटके येऊ लागले. टोपी धुतलेली असे. आत आल्यावर दारातच क्षणभर थांबून सगळ्यांना मिळून एक रामराम घालत. उत्तरे लिहिणारे कोण कोण आहेत ते माहीत नाही, तर कुणी वगळला जाऊ नये म्हणून. मला मनात हसू यायचे. ते आठवले की आज माझी मान खाली जाते.

विघ्न आले ते तंबाखूवरून. दर स्थिर असल्याची बातमी होती. आण्णांनी लिहिले, "मीठ चढले, काड्यापेटी चढली, रॉकेल दिसेना. स्थिर फक्त आमचा पगार." खाली लाल शाईने मी लिहिले, "शंभर टक्के मान्य. मालक वाचतील काय?" मालकांनी वाचले. आमच्या कार्यकारी मंडळात ते होते, आणि वाचनालयाची दोन कपाटे त्यांनी दिलेली होती.

सभेत त्यांनी तो अंक टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. आमचा काटेवाला भोळा आहे, असे ते म्हणाले. खरे टवाळ ते लाल शाईवाले आणि बाकीचे. त्यांना हुडकून काढा, आणि हे लिहिणे बंद करा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "शोधतो."

एवढा एकच शब्द. तो बोलताना मला घामसुद्धा आला नाही. आण्णांची नोकरी जाणार नाही याची मी हळूच खात्री करून घेतली, आणि त्यातच मी मोठे काही केले असे मला वाटले.

रविवारी दुपारी वाचनालयात कुणी नव्हते. आण्णांना टेबलाशी बोलावले, मंडळाचा निर्णय सांगितला. त्यांनी पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली. "बरं," म्हणाले. रागावले नाहीत, आणि तेच मला सोसेना. मन हलके करावे, त्यांनाही बरे वाटेल, अशा समजुतीने मी सांगून टाकले की तुमचे एकूण एक वाक्य मी वाचत आलो, आणि उत्तरे देत होतो तो मीच.

त्यांना चटकन समजले नाही.

"लाल शाई तुमची?"

"माझीच."

"बरं झालं, कळलं. वकील असंल असं वाटायचं मला." ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, "आनि मोडीवालं बाबा?"

"तेही मीच, आण्णा."

"ते म्हातारं न्हाय?"

"नाही."

त्यांनी बाकांकडे पाहिले. बाक रिकामेच होते. "आनि त्यो पोरगा, कुस्तीचा? अक्षर लई घाण हुतं त्येचं. त्येला डाव शिकवावं असं मनात हुतं."

मी नुसती मान हलवली.

आण्णांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवून सारखी केली, परत घातली. "मला वाटलं, पाच-सात जनं असत्याल," ते म्हणाले. माझ्यावर ठपका ठेवल्यासारखे नव्हे, वजन चुकल्यावर काटेवाला म्हणतो तसे. मग उठताना उलट मलाच धीर दिला, "असू द्या मास्तर. तुमी तरी वाचलंसा."

वाचकहो, आपण कबुली देतो तेव्हा ती दुसऱ्याला दिलेली काही भेट आहे असे आपल्याला वाटते. मी माझे ओझे उतरवले आणि त्या माणसाची सगळी सोबत एका दुपारी काढून घेतली. मी गप्प राहिलो असतो, तर लाल शाईवाला, बाबा आणि तो पोरगा मंडळाच्या नियमामुळे गप्प बसले, एवढेच त्यांना वाटले असते. त्यांच्यापुरते ते गावात कुठेतरी हिंडत राहिले असते.

त्यानंतर ते काही दिवस येत राहिले. वाचायचे, घडी नीट घालायचे, जायचे. दारातला रामराम बंद झाला; माझ्याकडे पाहून तेवढी मान हलवत. मी मुद्दाम विचारले, आण्णा, परवाची कुस्ती कशी झाली? "बरी झाली," म्हणाले. मग पान उलटले.

मग येईनासे झाले. स्वराज्य येणार हे नक्की झाले होते, वाचनालयात उभे राहायला जागा नव्हती, आणि मी स्वतःला सांगत होतो की गर्दीमुळे येत नसतील. वखारीत चौकशी केली, तर काम सोडून महिना झाला होता. पत्ता घेऊन त्यांच्या घरी जायला मला आणखी दोन रविवार लागले.

एका जैन आक्कांच्या परसात त्यांची खोली होती. कडी बाहेरून घातलेली. आक्का सुपात जोंधळे पाखडत होत्या. आण्णा गेले, म्हणाल्या, ट्रंक घेऊन, सकाळच्या मोटारीनं. कुठे गेले, काही सांगून गेले का, असे मी विचारले.

"सांगून जायाला हितं कोन हुतं त्येंचं?" त्या म्हणाल्या. मग सूप खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितले. "तुमी कोन म्हनायचं त्येंचं?"

मी तोंड उघडले, आणि जे आले ते हे, "वाचनालयाचा चिटणीस."

"अगं बाई," आक्का ओशाळल्या. "मग पुस्तक-बिस्तक ऱ्हायलंय व्हय त्येंच्याकडं?"

नाही म्हणालो. त्यांच्याकडे आमचे काही राहिलेले नाही.