आठव्या घोड्याची तीट

त्या हिवाळ्यात माझ्या डोळ्यांपुढे घोडे पळत असायचे. बसमध्ये, जेवताना, भांडी विसळताना. हस्तिदंती चामड्यावर सोनेरी धाग्याचे आठ घोडे. बाहेर जर्मनीतल्या इंगोलश्टाटचं धुकंही त्याच रंगाचं. डॅन्यूबच्या पुलावर बस आली की मला वाटायचं, यातला एखादा सुटून नदीवर गेला तर अंग दिसायचंच नाही, नुसती आयाळ तरंगत जाईल.

मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. मिरजेला नववीत शाळा सोडली आणि स्टँडच्या मागे वस्तादांच्या दुकानात बसलो. रिक्षाचे हूड, जीपच्या गाद्या, ट्रॅक्टरच्या सीटा. पुढे लग्न झालं ते नर्स मुलीशी. ती शिकत राहिली, जर्मन शिकली, इथल्या इस्पितळात लागली, आणि तिच्या व्हिसाच्या शेपटाला धरून मी आलो. सुरुवातीला घरात बसून होतो. मग गावाबाहेरच्या एका छोट्या कारखान्याने मला एक चामड्याचा तुकडा शिवायला दिला. मी सरळ शिवला. मायस्टरिनबाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य कारागीर बाईंनी, तो खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे बरोबर, असंच. तो शब्द मी घरी येईपर्यंत तोंडात गोळीसारखा चघळत होतो.

सहा महिन्यांची प्रोबेत्साइट होती. या काळात मालकाला पटलं नाही तर दोन आठवड्यांत घरी बसवू शकतो. ती संपायला सात आठवडे उरले होते. मी रोज वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचायचो आणि दाराबाहेर उभा राहायचो, कारण फार लवकर आत गेलं तर तेही यांना आवडत नसेल असं मला वाटायचं.

तेव्हाच ते घोड्यांचं काम आलं. एका महागड्या गाडीची चीनमधल्या गिऱ्हाइकांसाठी खास आवृत्ती निघणार होती. त्यांच्याकडे घोड्याचं वर्ष येत होतं. आठ घोडे त्यांना शुभ, म्हणून चार दारांवर चार आणि चार सीटांना डोकं टेकायला जी उशी असते तिच्यावर एकेक. घोड्याचं अंग मशीन भरायचं. आयाळ हाताने भरायची, आणि ती माझ्याकडे आली. एका आयाळीला दोन दिवस लागत. सुई चामड्यातून वर यायची, सोनं ओढून आणायची, खाली जायची. दुपारी तीनला उजेड पिवळा व्हायचा तेव्हा मला ठरवता यायचं नाही की आयाळ मी भरतोय की ती आधीपासून तिथे आहे आणि मी नुसता वरून हात फिरवतोय.

आठवा घोडा मागच्या उजव्या सीटचा. तिथे मालक बसतो म्हणे. तो पुरा झाला तेव्हा मी मान मागे घेऊन पाहिला. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. आणि मी विचार न करता खिशातल्या पाकिटातून काळा धागा काढला, सुईत ओवला आणि कव्हरच्या आतल्या दुमडीत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक टाका घातला.

हे वस्तादांचं. गाडी सजून तयार झाली की शेवटच्या सीटला आतून काळा टाका. बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतात, तसं. "एका गाडीला एकच," ते म्हणायचे. "दोन घातलेस तर गाडीलाच वाटेल आपल्यात काहीतरी खोट आहे." वीस वर्षं मी हे करत आलो. बूट काढल्यावर पाय जसे आपोआप चपलेत जातात तसा हात गेला.

त्या संध्याकाळी मी आनंदात होतो. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सुट्टी व्हायच्या वेळी मायस्टरिनबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की उद्या दुपारी दोन वाजता शांघायहून कंपनीची डिझायनर येतेय. हा पहिला संच ती मंजूर करेल तरच पुढचं काम आपल्याला. "ऐका, ती एक कव्हर उलटं करून आतून बघते. नेहमी बघते."

मला तो काळा टाका आठवला.

टाका काढून टाकावा म्हटलं, तर चामडं काही कापड नाही. सुई एकदा गेली की भोक राहतं, ते मिटत नाही. आणि आमच्याकडे धाग्याच्या प्रत्येक रिळाला नंबर, तो कामाच्या कागदावर लिहायचा. माझ्या खिशातल्या, मिरजेहून आणलेल्या रिळाला कसला नंबर?

घरी मी बायकोला सांगितलं. ती वरणाला फोडणी देत होती. आधी ती हसली.

"अहो, जर्मन गाडीची दृष्ट काढलीत तुम्ही?"

"हसू नकोस. नोकरी जाईल."

"लिंबू-मिरची नाही ना बांधली खाली?"

मी खुर्चीत बसून घेतलं. तेव्हा तिने गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसली. "ऐका. आमच्या वॉर्डात चूक झाली की आम्ही लगेच सांगतो आणि कागदावर लिहितो. चुकीसाठी नोकरीवरून कुणी काढत नाही. लपवलं की काढतात. उद्या जाऊन तुम्हीच सांगा. ती बाई शोधायच्या आधी."

"मला जर्मनमध्ये सांगता येणार नाही."

"दृष्टीला जर्मन शब्द मलाही माहीत नाही. जे आहे ते सांगा. आणि आधी जेवा."

गुरुवारी सकाळी सहाला मी दाराबाहेर थांबलो नाही, सरळ आत गेलो. मायस्टरिनबाई कॉफी ओतत होत्या. मी त्यांच्यापुढे आठवं कव्हर उलटं धरलं आणि बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

रात्रभर जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली. "फार सुंदर," मी म्हणालो. "फार सुंदर असेल तर डोळे येतात. वाईट डोळे. मग छोटं काळं पाहिजे."

"कुणाचे डोळे?"

मी विचार केला. "सगळ्यांचे. माझे पण."

त्यांनी बराच वेळ तो टाका पाहिला. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "त्याच कातड्याचा एक तुकडा शिल्लक आहे. एकच. अंग मी मशीनवर आठपर्यंत भरून देते. आयाळीला तुला दोन दिवस लागतात. आज तुझ्याकडे सहा तास आहेत."

ते सहा तास मला सलग आठवत नाहीत. त्यांनी माझ्या टेबलाशी दुसरा दिवा आणून ठेवल्याचं आठवतं. एकदा कुणीतरी हातात पाव दिला आणि मी तो डाव्या हाताने खाल्ला. खिडकीबाहेर धुकं सरकत होतं आणि सुई वर-खाली होत होती. मधे केव्हातरी घाबरायचं राहूनच गेलं. मी त्या घोड्याबरोबर कुठेतरी गेलो होतो. कृष्णेच्या घाटावर बहुतेक, कारण पाण्याचा वास येत होता. आयाळ पहिल्यासारखी घनदाट झाली नाही. जरा विरळ झाली, वाऱ्यात पांगल्यासारखी. पावणेदोनला मी दात लावून शेवटचा धागा तोडला.

डिझायनर बाई तिशीच्या असतील. म्युनिकला शिकलेल्या, त्यामुळे जर्मन बोलत होत्या, माझ्यासारखंच, प्रत्येक शब्द तपासून. त्यांनी घोडे एका रांगेत मांडायला सांगितले, लांबून पाहिले, आणि म्हणाल्या, "माझे वडील बघतील तर विचारतील, ही गाडी आहे की तबेला."

हसावं की नाही ते कुणालाच कळेना. त्या स्वतःच हसल्या, मग सगळे हसले.

मग त्यांनी आठवंच कव्हर उचललं आणि उलटं केलं. मी दुमडीतून फिरणाऱ्या त्यांच्या बोटाकडे बघत होतो. बोट शेवटपर्यंत गेलं आणि थांबलं नाही. कव्हर सुलटं करून त्यांनी आयाळीला हात लावला. "ही वेगळी आहे. बाकीचे सात उभे वाटतात, हा पळतोय. का?"

मायस्टरिनबाई म्हणाल्या, "हा आज सकाळी झालाय. पहिला बाद केला." त्यांना हे सांगायची काही गरज नव्हती. टेबलाखालून त्यांनी पहिलं कव्हर काढलं आणि तो टाका दाखवला. "वाईट डोळ्यांसाठी," त्या म्हणाल्या, माझेच शब्द वापरून, आणि माझ्याकडे हात केला.

डिझायनर बाईंनी टाक्यावर अंगठा फिरवला. "माझ्या वडिलांना घरात कुत्र्याचं पिल्लू म्हणायचे," त्या मला म्हणाल्या. "नाव मुद्दाम वाईट ठेवायचं, म्हणजे कुणाचं लक्ष जात नाही, मूल जगतं."

"आमच्याकडे दगडू," मी म्हणालो. "दगड. धोंडू. तो पण दगड."

त्या मान हलवत राहिल्या. मग कव्हर परत दिलं. "पण गाडीत हे चालणार नाही. ही गाडी घेणारे शुभ गोष्टीसाठीच जादा पैसे देतात. त्यात काळं निघालं तर मला घरी पाठवतील." सात घोड्यांच्या आयाळी आता आहेत तशाच राहू देत, पुढच्या गाड्यांमध्ये मात्र आठही पळणारे हवेत, एवढं लिहून त्यांनी सही केली.

बाद झालेला माल बाहेर जाऊ नये म्हणून तो कापायचा असतो. कात्री मायस्टरिनबाईंनी माझ्या हातात दिली. चामडं सहज कापलं गेलं. आयाळीशी मात्र कात्री अडली, तिथे सोनं फार दाट होतं. मी दोनदा दाबली. त्या शेजारी उभ्या होत्या आणि खिडकीबाहेर बघत होत्या.

मग त्यांनी नोंदवहीत लिहिलं, एक नग पुन्हा केला, कारागिराने स्वतः कळवलं. ते वाक्य त्यांनी मला वाचायला लावलं. मी अडखळत वाचलं. "चामड्यावर नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नाही. समजलं?" आणि माझ्या ॲप्रनच्या काठाला चिमटीत धरून म्हणाल्या, "इथे मला काही दिसत नाही."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मी ते न उघडता बायकोची ड्युटी संपेपर्यंत खिशात ठेवून फिरलो, पुलावर जाऊन आलो, पुन्हा घरी आलो. तिने उघडलं, वाचलं आणि म्हणाली, "अहो, बसा आधी." मी बसलो. नोकरी कायम झाली होती.

ते पत्र देवाजवळ आहे. आणि कारखान्यात खुंटीवर माझा ॲप्रन आहे, त्याच्या काठाला आतून काळे टाके. एका गाडीला एकच. काल मायस्टरिनबाई एक मोठं काम संपवून माझ्या टेबलाशी आल्या, आपल्या ॲप्रनचा काठ पुढे केला, आणि मी धागा ओवला.