साडूंची मोजदाद

जगातल्या एकूण काळजीपैकी निम्मी तरी आमचे साडू एकटे वाहतात, असे माझे ठाम मत आहे. उरलेली निम्मी ते भेटेल त्याला वाटतात. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, वारली. घरात करमेना म्हणून हिंगोलीतल्या आमच्या भागातल्या बागेत त्यांनी फुकटची सेवा पत्करली. आल्यागेल्याचे स्वागत करायचे, बाग दाखवायची. पण त्यांचे स्वागत ऐकून चांगला धीट माणूसही फाटकातूनच परत फिरावा. झोका छान आहे, पण साखळीचा भरवसा नाही. बाक मजबूत आहे, पण मुंग्या आहेत. लिंबाखाली सावली आहे, पण फांदी काय सांगून पडते? घसरगुंडीवर लेकरू बसायच्या आधी ते स्वतः घसरून पाहतात. एकदा मध्येच अडकले, तेव्हा खाली जमलेल्या पोरांना तिथूनच म्हणाले, "पाहा, म्हनून सांगून राहिलो."

या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची मोजदाद. आत आलेली माणसे मोजायची आणि बाहेर पडताना पुन्हा मोजायची. डोकी मोजल्याशिवाय घंटी मारायची नाही, ही सवय नोकरी सुटली तरी सुटलेली नाही. एखादा मागच्या कुंपणावरून उडी मारून गेला, तर साडूंना जेवण जात नाही. मला फोन करून विचारतात, तो घरी पोचला असेल का. आता मला कसे ठाऊक असणार? पण पोचला असेल असे म्हटल्याशिवाय ते फोन ठेवत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात हट्टा गावच्या काही बायका माहूरहून परतताना जीप थांबवून भाकरी खायला बागेत आल्या. घोळका एकदम आत शिरल्याने मोजता आले नाही, म्हणून साडूंनी किती जणी ते विचारले, बारा असे उत्तर मिळाले. जेवणे झाली, बाग पाहून झाली, जीपवाला हॉर्न वाजवू लागला. साडूंनी फाटकाशी मोजल्या तर अकराच. त्यांचा चेहरा उतरला. मी त्या दिवशी बागेतच होतो; मला मोजायला लावले, माझ्याही अकराच भरल्या. त्यांनी फाटक लावून घेतले. बायका आपसात मोजून बारा बराबर आहेत असे सांगत होत्या, आणि साडू बांबू घेऊन कारंज्याचा हौद ढवळत होते. हौदात पाणी गुडघाभर. तरी खोटे कशाला सांगू, एव्हाना मीही वाकून तळ न्याहाळू लागलो होतो. कण्हेरीच्या मागे पाहून झाले, संडासाच्या दारावर थापा मारून झाल्या. "एक बाई मागं सोडून गाडी कशी जाऊ देऊ?" ते मला म्हणाले. आवाज रडवेला झाला होता.

त्या बायकांत एक कानाने कमी ऐकणारी म्हातारी होती. मांडीवर परडी घेऊन ती निवांत बसली होती. कोणीतरी तिच्या कानाशी ओरडून गोंधळ सांगितला, तेव्हा तिने परडी वर उचलून दाखवली. आत त्यांच्या देव्हाऱ्यातल्या देवीचा चांदीचा टाक होता. त्याला माहूरच्या देवीची भेट घडवून त्या परत चालल्या होत्या.

"ही काय बारावी," म्हातारी म्हणाली. "जीपमदी हिचं शीट धरलं, भाकर बी हिच्या वाट्याची काढली. तुमी काहून हिला सोडून मोजून राहिले?"

मला हसू आवरेना. साडू मात्र हसले नाहीत. मटकन बाकावर बसले आणि कपाळाचा घाम पुसू लागले. त्यांची दशा पाहून म्हातारीला दया आली असावी. तिने पाणी दिले आणि विचारले, "तुमच्या घरी किती मानसं?"

साडूंनी थोडा विचार केला.

"आमी दोघं," ते म्हणाले.

माझे हसू तिथेच विरले. मेहुणी जाऊन किती काळ लोटला, हे मला ठाऊक होते. म्हातारीने मान डोलावली आणि देवीच्या वाट्याच्या भाकरीचे दोन तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. जीप गेली. साडूंनी एक तुकडा खाल्ला, दुसरा रुमालात नीट बांधला आणि चप्पल पायात सरकवत मला म्हणाले, "आज जरा लवकर निघतो. घरी जाईस्तोवर वाळून जाईल."