दहा चिंचोके आणि एक कोरा कागद

बाळंतपणाच्या वॉर्डाच्या दारात बावीस वर्षं स्टुलावर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. बायका आत जाताना चपला माझ्यापाशी काढतात आणि कुणाला न सांगितलेलंही तिथंच ठेवून जातात. मी वॉचमन. शिक्षण दुसरी. ड्यूटीच्या वहीत रोज नाव आणि पुढं 'हजर', एवढंच लिहिणं हाताला बसलेलं. म्हणून हे सगळं मनात साठत गेलं. आता नात लिहून घेतेय.

त्यातले सुरेखाचे किस्से काही केल्या मनातून जात नाहीत.

*

सुरेखा सासरची चकलांब्याकडची. सातवा लागला तशी नवऱ्यासंगं दवाखान्याजवळ भावाकडं राहायला आलेली. पहिल्याच दिवशी धापा टाकत आली.

"मामा, बाळ हलंना!"

सिस्टरनं मशीन लावून ठोके ऐकवले. सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा पुन्हा दारात!

सिस्टर म्हणाली, "अगं, काल तर ऐकवले ना ठोके?"

"ते कालचे झाले, सिस्टर. आजचं काय?"

सिस्टर हसायला गेली, पण सुरेखाचं तोंड बघून तिनं पुन्हा मशीन लावलं.

*

मग घरोघरी पोटुशा बायकांची विचारपूस करत फिरणाऱ्या आशाताईंनी तिला बाळाचं हलणं मोजायला शिकवलं. सुरेखाला आकड्यांचा भरवसा वाटेना, म्हणून तिनं दहा चिंचोके घेतले. बाळ हललं की एक चिंचोका डबीत. दहाही डबीत गेले की त्या दिवसापुरती सुटका.

एका दुपारी नवऱ्याला ओढतच घेऊन आली. "मामा, बगा, नऊच हायेत! दहावा कुठंच न्हाई!"

तपासलं. बाळ मजेत होतं. बाहेर येऊन ती चपला घालायला वाकली, तर लुगड्याच्या निऱ्यांतून टप्पकन दहावा चिंचोका माझ्या पायाशी पडला. डबीत टाकताना निसटून तिथं अडकला होता!

मी हसलो. तिचा नवरा बालाजीही हसला. म्हणाला, "आता डबी माझ्याकडं दे बाई. तुझ्या हातून पोरगंबी सांडंल!"

बोलून गेला आणि जीभ चावली. सुरेखा डबी पोटाशी धरून रडायला लागली.

*

मी तिला पाणी दिलं. तेव्हा तिनं सांगितलं.

आदल्या साली दोघं ऊसतोडीला गेलते. तिथंच उसाच्या पाचटाच्या कोपीत बाळंत झाली. मुलगा. आठव्या दिवशी पोरगं शांत निजलं होतं.

"मला बरं वाटलं, मामा. निजलंय तवर चार भाकरी जास्तीच्या थापून घ्याव्या म्हनलं. थापल्या. मग उठवाया गेले…"

पाणी तसंच हातात राहिलं.

*

घरी आल्यावर हे बायकोला सांगितलं. ती ज्वारी निवडत बसली होती. आमचंही पहिलं लेकरू गेलं होतं, चाळीस वर्षं झाली. त्याच दिवशी दुपारून मी शेतात वखरायला गेलो होतो. न जाऊन करणार काय, असं तेव्हा वाटलं.

सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "तिला पानी दिलंत?"

"दिलं."

"बरं केलंत." सुपातला खडा तिनं लांब टाकला. "मला बी द्यायला पायजे हुतं कुनीतरी."

*

सुरेखाला मुलगी झाली. वजन कमी म्हणून तीन दिवस काचेच्या पेटीत. आईजवळ दिली तेव्हा पोरगी चांगली गाढ झोपली होती. सुरेखानं तिच्या तळव्यावर टिचकी मारली. पोरगी रडली. थांबली की पुन्हा टिचकी! तिच्या रडण्यानं वॉर्डातली सगळी पोरं उठली.

शेजारची बाळंतीण ओरडली, "अगं, कावून छळतीस? निजू दे की!"

"निजलेलं नगं मला! रडलेलं बरं."

डॉक्टर मॅडम तासभर तिच्याजवळ बसल्या. बालाजीला म्हणाल्या, "हट्ट नाही हा. भीतीचा आजार आहे. बाळंतिणीला होतो आणि उपचारानं बराही होतो. तिला एकटं सोडू नका."

भीतीलाही औषधपाणी असतं, हे मला या वयात कळलं. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं सुरेखा नव्हती, बायको होती.

*

पाचव्या दिवशी तिची सासू पिशवीत वरवंटा घेऊन वॉर्डात हजर! पाचवी पुजायची होती. सिस्टर म्हणाली, "मावशी, दगड? इथं?"

"दगड कुनाला म्हन्ती गं! सटवाई हाय ती!"

दिवा लावायचा नाही, या बोलीवर परवानगी मिळाली. दिवस मावळायला सासूनं खाटेजवळ वरवंट्याला हळदकुंकू वाहिलं. बाळाचं नशीब लिहायला सटवाई येते, म्हणून शेजारी कोरा कागद आणि माझा ड्यूटीचा पेन ठेवला.

सुरेखा उठून बसली. "मागल्या टायमाला बी कोराच ठिवला हुता, आत्याबाई. यंदा न्हाई. मामा, तुमी लिवा."

सासू घाबरली. "सटवाईच्या कागदावर मानसानं लिवायचं?"

"लिवा, मामा."

मी पेन उचलला. मला येतं तेवढंच लिहिलं.

"काय लिवलं?"

"हजर."

सुरेखानं कागद लेकीच्या उशाखाली सारला. पोरगी गाढ झोपली होती. सुरेखाचा हात तिच्या तळव्याकडं गेला, जरा थांबला, आणि तिनं तो मागं घेतला.