देवाचा भाव

अमरावतीच्या कापूस बाजारात तो काटा धरायचा, म्हणून सगळे त्याला मापारीच म्हणत. बोलताना तो मधेच थांबायचा आणि समोरच्यानं नजर खाली घेतल्याशिवाय पुढं बोलायचा नाही. मला त्याची थोडी भीतीच वाटायची.

विलायतेत कापसाला मागणी आली आणि आम्हा शेतकऱ्यांच्या हाती कधी नव्हे ते रुपये खुळखुळू लागले. आमची ख्रिस्ती मंडळी मात्र गळक्या छपराखालीच प्रार्थना करायची आणि दानाच्या ताटात पूर्वीइतकंच टाकायची. पाळकांना मागायचा संकोच वाटे.

एका रविवारी मंडळीत मापारीच उभा राहिला. "कापसाचा भाव चढला. देवाचा काहून तोच राह्यला?"

सरकी काढणारी एक म्हातारी पदराची गाठ सोडू लागली, तेव्हा त्यानं तिला थांबवलं.

"तू नको, माय. मी या गाडीबैलवाल्यायले म्हणून राहिलो."

मग त्यानं हातातलं चांदीचं नवं कडं काढून ताटात ठेवलं. तो आमच्याहून गरीब होता.

पुढच्या रविवारी मी नव्या बैलजोडीसाठी साठवलेले पैसे नेऊन दिले. मग इतरांनीही दिले आणि नाताळाआधी पक्कं प्रार्थनामंदिर उभं राहिलं.

अकोल्याचे पाहुणे विचारतात, "कोण्या सायबानं बांधलं हे?"

मी सांगतो, "सायबानं नाही. आमी बांधलं."