साहेबांची भिंत

माझ्या काकांना कारखान्यात सगळे काटकोन म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण काकांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढण्यात त्यांनी उभा जन्म घालवला. कुणाच्या घरी गेले की माणसांना नमस्कार करायच्या आधी त्यांची नजर भिंतीवर जायची, आणि तिथलं चित्र तिरकं असेल तर ते बोटाने सरळ केल्याशिवाय खुर्चीला पाठ टेकायचे नाहीत. ते येणार म्हटलं की आई आमचं कॅलेंडर आधीच सरळ करून ठेवायची. तेवढ्यानेही भागायचं नाही, ते पुन्हा एकदा सरळ व्हायचंच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी तळमजल्यावरचं घर घेतलं. त्यात स्वयंपाकघराला लागून एक जास्तीची खोली होती. काकूने तिथे शिवणाचं मशीन ठेवायचं मनात धरलं होतं, पण ते मनातच राहिलं. काकांनी जाहीर केलं की ही डायनिंग रूम. लांबलचक टेबल आलं, आठ खुर्च्या आल्या. माणसं दोनच, तीही जेवायला स्वयंपाकघरात. कारण डायनिंग रूमच्या भिंती तयार नव्हत्या, आणि अशा खोलीत जेवणं म्हणजे, काकांच्या मते, रंग न दिलेलं यंत्र गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं. तेव्हा दोघं ओट्याशेजारच्या अरुंद फळीवर गुडघ्याला गुडघा लावून जेवायची. मधल्या दारातून आठ रिकाम्या खुर्च्या त्यांच्याकडे बघत असायच्या.

भिंतींचं काय करायचं, हे काकांनी सगळ्यांना विचारलं. त्यांचा मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला, घरातल्या माणसांचे फोटो लावा. मी म्हटलं, एक मोठा आरसा लावा, खोली मोठी दिसेल. काकू म्हणाली, काही नाही लावलं तरी अन्न घशाखाली उतरतं. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि स्वतःला हवं तेच केलं. आमचं मत त्यांनी का विचारलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यांचा निर्णय तरुणपणीच झालेला होता. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी एका अवघड यंत्राचा नकाशा वेळेत पुरा केल्याबद्दल काकांना बंगल्यावर जेवायला बोलावलं होतं, सपत्नीक. एकदाच. त्या एका संध्याकाळी काकांनी जी डायनिंग रूम पाहिली ती जशीच्या तशी डोळ्यांत साठवून घरी आणली. कमरेपर्यंत लाकडी फळ्या, वर बाटलीसारखा गर्द हिरवा रंग, दोन पितळी दिवे आणि टेबलासमोरच्या भिंतीवर काळ्या चौकटींमध्ये शिडाच्या जहाजांची सहा चित्रं. जहाजं सहा, पण जागा सात. डावीकडून पाचवी जागा मोकळी सोडलेली.

त्या मोकळ्या जागेवर काकांचा फार जीव. "त्यातच तर सगळं आहे," ते मला समजावून सांगायचे. "आपण काय करतो? भिंत मिळाली की भरून टाकतो. मोठ्या माणसांना कसलीच घाई नसते. ते भिंतीला श्वास घ्यायला जागा ठेवतात." ही श्वास घेण्याची जागा नेमकी पाचवीच का, असं मी एकदा विचारलं. "मधोमध ठेवली असती तर ते सगळ्यांनाच कळलं असतं," काका म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी निमूट चहा प्यायला लागले.

मग त्यांनी जिवाचं रान केलं. रंगाऱ्याकडून भिंत पुन्हा पुन्हा रंगवून घेतली, कारण हिरवा कधी पोपटाकडे झुकायचा, कधी शेवाळाकडे. रंगाऱ्याने शेवटी ब्रशच त्यांच्या हातात दिला. जुन्या बाजारात फिरून फिरून जहाजं जमवली. साहेबांच्या तिसऱ्या चित्रातलं जहाज उजवीकडे कललेलं होतं, म्हणून डावीकडे कललेली दोन चांगली जहाजं त्यांनी परत केली. ज्या माणसाने आयुष्यात तिरकी वस्तू खपवून घेतली नाही, तो कललेल्या जहाजासाठी उन्हातान्हात वणवण फिरत होता. काकूने त्या खोलीचं नाव संग्रहालय ठेवलं. "संग्रहालयाची धूळ पुसून येते," म्हणायची, आणि पुसूनही यायची.

सगळं झालं आणि काकांनी साहेबांना फोन लावला. तोवर साहेबही निवृत्त होऊन म्हातारे झाले होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला छोट्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. काकांची इच्छा एवढीच होती, की साहेबांनी एकदा त्या टेबलाशी बसावं, समोर बघावं आणि 'वा' म्हणावं. या 'वा'साठी काका नोकरीभर थांबले होते. ऑफिसात साहेबांच्या तोंडून 'वा' कधी निघालं नव्हतं. तिथे नकाशा बरोबर असला की नुसती सही व्हायची.

साहेब आले त्या दुपारी मी काकूच्या मदतीला गेले होते. बारीक झालेला माणूस, कोट मात्र पूर्वीच्या मापाचा. काका इस्त्रीच्या शर्टात दारातच उभे. साहेबांनी हात पुढे केला.

"तुम्ही स्टोअरला होतात, नाही का?"

"ड्रॉइंग ऑफिसला, साहेब."

"हां हां. ड्रॉइंग." साहेबांना काही आठवलेलं नव्हतं हे मलासुद्धा कळलं. काकांना कळलं नाही, कारण ते हवेत होते. त्यांनी साहेबांना थेट डायनिंग रूममध्ये नेलं, भिंतीसमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण बाजूला हात बांधून उभे राहिले. मी पाण्याचे ग्लास घेऊन दारात थबकले. काकांचा चेहरा परीक्षेचा निकाल लागणाऱ्या पोरासारखा झाला होता, आणि मला एकदम त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

साहेबांनी दिव्यांकडे पाहिलं. जहाजांवरून नजर फिरवली. फिरता फिरता ती पाचव्या जागेवर थांबली, आणि मग हललीच नाही.

"हे... हे तुम्ही कुठे पाहिलं?"

"आपल्याच बंगल्यावर, साहेब!" काका उजळून म्हणाले. "आम्ही दोघं जेवायला आलो होतो. सगळं तसंच केलंय. ती मोकळी जागासुद्धा."

"तिथे चित्र होतं," साहेब म्हणाले.

काकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मापात चूक झाली.

"जहाजंच होती सात. बंगल्याबरोबर आलेली, कंपनीची. मला ती कधीच आवडली नाहीत." साहेब सावकाश बोलत होते. "त्या दुपारी माझं आणि बायकोचं भांडण झालं. आमचं भांडण म्हणजे, ती बोलायची आणि मी ऑफिसला निघून जायचो. त्या दिवशी मी निघालो तशी तिने हातातली बशी फेकली. मला नाही, भिंतीवर मारली. काच फुटली, चित्र उतरवून ठेवलं. संध्याकाळी कुणीतरी जेवायला येणार होतं, तेवढं आठवतं."

"आम्हीच," काका अगदी हळू म्हणाले.

"असाल. महिन्याभरात ती गेली माहेरी, ती परत आली नाही. ते चित्र पुन्हा बसवायचं राहून गेलं."

काकू पदराला हात पुसत दारात आली होती, तिने सगळं ऐकलं होतं. "बाईंनी त्या दिवशी एक घास घेतला नव्हता," ती साहेबांना म्हणाली. "मला आग्रह करकरून वाढत होत्या आणि स्वतःच्या ताटात नुसती बोटं फिरवत होत्या. हातावर कापलेलं होतं, इथे. मी घरी जाताना यांना म्हटलंसुद्धा, बाईंचं काहीतरी बिनसलंय."

काकांना ते आठवत नव्हतं. त्यांना त्या बाईंचा चेहराही आठवत नसावा. ते तेव्हा त्यांच्या डोक्यावरची जहाजं मोजत होते.

"इथे बसून तुमच्या घशाखाली काही उतरायचं नाही," काकू म्हणाली. "उठा. आत या." साहेब खरोखरच उठले आणि फळीशी जाऊन बसले. काकूने रस्सा वाढला, भात वाढला. तिघांचे गुडघे एकमेकांना लागत होते, मी ओट्याला टेकून उभी होते. साहेब भरपूर जेवले. मधेच त्यांनी काकूला विचारलं, "तुमच्यात होतात भांडणं?"

"रोज."

"आणि मग?"

काकू गोंधळली. यात विचारण्यासारखं काय आहे तेच तिला कळेना. "मग काय? जेवायची वेळ झाली की जेवतो."

साहेबांनी मान खाली घातली आणि बराच वेळ भात कालवत राहिले. निघताना त्यांनी काकांचा हात धरला. मला वाटलं, आता तरी 'वा' म्हणतील. ते म्हणाले, "जेवण फार छान होतं हो." काका रिक्षापर्यंत सोडायला गेले आणि येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि 'वा' मिळालं ते काकूच्या रश्श्याला. मला हसू येत होतं आणि काकांकडे बघवतही नव्हतं.

जहाजं त्यांनी स्वतःच उतरवली. आता तिथे काय लावायचं यावरून दोघांत कडाक्याचं वाजतं. काकूला फोटो हवेत, काकांना म्हणे नुसता फिका रंग. मिटायचं काही लक्षण नाही. जेवण मात्र दोन्ही वेळा त्या लांब टेबलाशीच होतं. ओट्याशेजारच्या फळीवर एवढ्या मोठ्या भांडणाला जागा पुरत नव्हती, असं काकू सांगते. परवा मी गेले तेव्हा वाद रंगात आला होता, आणि काका भिंतीला पाठ करून बसले होते, तिच्या समोर, ती काय म्हणते ते ऐकत.