मुजऱ्याचं माप

कोरेगावच्या बाजारात आमच्या ओळखीच्या एका शिंप्यांचं दुकान आहे. आमच्या जत्रेतल्या नाटकाचे कपडे दरवर्षी तेच शिवतात, कारण वर्गणी मांडवातच संपते आणि जुन्या पडद्यातून राजा काढणारा दुसरा शिंपी मला तरी माहीत नाही.

मापाची त्यांची तऱ्हाच वेगळी. टेप गळ्यात असते, पण आधी नटाला म्हणतात, "इष्टेजवर काय करनार, ते करून दावा." यंदाचा राजा म्हणजे आमचा दूधवाला. त्यानं दुकानातली लाकडी पट्टी तलवारीसारखी उपसली, तेव्हा कुठे त्यांनी काखेत दोन बोटं जास्त धरली.

राजाचं माप झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं?"

मी नाटकात बारा वर्षं दरवान. तोंडी एक वाक्य नाही. म्हटलं, "मला कशाला? घरचाच सदरा घालीन की."

तोंडातली टाचणी काढून ते म्हणाले, "मुजरा करता न्हवं? मग करून दावा."

इस्त्रीच्या टेबलापुढे मी वाकलो. पाठीला टेप लावून ते म्हणाले, "आनखी वाका. तुमी दरसाल अर्धंच वाकताय."

सदरा पाठीत उसवेल म्हणून बारा वर्षं अर्धाच वाकत होतो, आणि लोक तर राजाकडे बघत होते.

उरलेल्या पडद्यातून त्यांनी मला अंगरखा शिवला, पाठीत ऐसपैस. जत्रेच्या रात्री दूधवाला सिंहासनावर बसला आणि मी पुरता वाकलो.