अंबाडीच्या वाफ्याखाली

नागपूरजवळच्या वाडीच्या पुढे, अमरावती रस्त्याला, तेव्हा गोदामं नव्हती. ज्वारी-कपाशीची शेतं होती. त्या भागातली काही गावं माझ्याकडे होती. शेती खात्यात लागलो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पेरणीआधी बियाण्याला पाऱ्याची पूड चोळा, बुरशी लागणार नाही, हे सांगत फिरणं माझं काम. पूड करडी, मिठासारखी बारीक. रोपं खरोखर तरारून येत. मी सभा घ्यायचो त्या जमिनीच्या मालकांच्या. तिफणीमागे चालत, ओटीतलं तेच बियाणं मुठीमुठीनं सोडणाऱ्या बाया सभेत नसायच्या. हात धुऊन जेवा, एवढंही मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यांच्यातल्या एकीला मी मावशी म्हणायचो. धुऱ्याला, शेताच्या बांधाला, लागून झोपडीत एकटी राहायची. छप्पन साली तिच्या घरच्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मला पाहिलं की ती ‘जयभीम साहेब’ म्हणायची, मी ‘नमस्कार’ म्हणायचो.

पेरणीनंतर तिफणीनं पाडलेल्या तासांत मेलेले पारवे पडलेले दिसत. एकदा तिनं विचारलं, “साहेब, हे पाखरं काहून मरून राहिले जी?”

“फुकटचं खाल्लं की असंच होतं,” मी म्हणालो.

“मग आमचं कसं? आम्ही तं मुठीत धरून राहिलो.”

बाया हसल्या. मीही हसलो.

एका वर्षी जुनी झालेली पूड डब्यांत पडून राहिली. वरून तोंडी सांगणं आलं, विल्हेवाट लावा. मी ती डब्यांसकट मावशीच्या झोपडीजवळच्या कोपऱ्यात पुरायला लावली. खड्डा तिनंच खणला.

“काय आहे जी हे?”

“जुनं खतच समजा.”

हे वाक्य मी बोललो. पुढच्या पावसाळ्यात तिनं त्या भुसभुशीत मातीत अंबाडी, वांगी, चवळी लावली.

चार-पाच वर्षांनी ऑफिसात एक कागद आला. पूड वाटणं थांबवा, तिच्यातला पारा नाहीसा होत नाही, मातीत राहतो, तिथून पाण्यात आणि पिकात जातो, असं काहीसं त्यात होतं. मला तो कोपरा आठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली, सगळं सांगायचं ठरवून.

मावशीला आनंद झाला. तिनं सतरंजी अंथरली आणि पुढ्यात ताटली ठेवली. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर जवसाच्या तेलाची धार. भाजी कुठली हे विचारायची गरज नव्हती. दारातून वाफा दिसत होता.

“मी जेवून आलो,” मी म्हणालो.

“एवढ्या सकाळी?”

“म्हणजे, पोट बरं नाही.”

मग तिनं ताटली ओढून घेतली. “समजलं जी. आमच्या घरचं चालत नाही तुम्हाले.”

तोंड उघडायचं तर तेव्हाच उघडायला हवं होतं. तिला वाटलं, मी जातीमुळे जेवलो नाही. तो गैरसमज माझ्या सोयीचा होता आणि मी तो तसाच राहू दिला. तिच्या अंगणात विष पुरणारा ठरण्यापेक्षा जात पाळणारा ठरणं मला सोपं वाटलं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत त्याची लाजही नव्हती. तिनं दिलेलं पाणीसुद्धा न पिता मी उठलो, आणि पुढे ती गावं दुसऱ्याकडे द्यायला लावली.

तीन वर्षांनी ती नागपुरात, धंतोलीच्या एका दवाखान्यात दिसली. मी वडिलांना तिथं नेलं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर ती चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसली होती, तरी चहा सांडत होता.

“हात ऐकत नाही जी,” ती म्हणाली. “मूठ जमत नाही. पेरणीले कोणी बोलवत नाही आता.”

मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. पूड, खड्डा, ऑफिसातला कागद, ती ताटली. आत जाऊन डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पण हे त्यामुळेच झालं, असं ते म्हणाले नाहीत. पुढेही कोणी खात्रीनं म्हणालं नाही. तेवढ्यावर मी सुटत नाही.

मावशी माझ्याकडे वळली.

“म्हणजे तुम्ही जातीपायी नाही उठले?”

“नाही.”

“जातीपायी उठले असते तं बरं होतं जी. त्याची आम्हाले सवय आहे.” ग्लास तिनं बाकावर ठेवला. “अन् तुम्ही गेल्यावर मी तीन वर्षं खात राहिली. आता थे काढा तिथून.”

दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन गेलो. डबे गंजून पापडासारखे मोडत होते. पूड उरलीच नव्हती, सगळी माती झाली होती. कमरेएवढं खणलं, काळी, ओली, चांगली दिसणारी जमीन, पण गांडूळ एकही सापडलं नाही. कुठपर्यंत खणायचं ते कळेना. कोपऱ्याचा उतार शेतातल्या विहिरीकडे होता. पुरताना तो मला दिसला असणारच.

शेवटी मी अंबाडी उपटायला लागलो. मावशी हात गुडघ्यांत दाबून दारात बसली होती.

“थे कुठं टाकता जी?”

“नाल्यात.”

“तिथं ढोरं पाणी पितात.”

“मग जाळतो.”

“धूर कोणाच्या घरात जाईन?”

मुळांना माती लागलेली अंबाडी कवेत धरून मी उभा राहिलो. खात्यात माझी बारा वर्षं झाली होती. विल्हेवाट कशी लावतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.